हॉकीपटूचा करार आणि कराचा दर

पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाला शिरूर आणि दौंड हीं दोन गांवें नदीच्या कांठीं वसलेलीं आहेत. शिरूर घोडनदीच्या, तर दौंड भीमेच्या. दोन्ही ठिकाणीं पूल ओलांडून पलीकडे गेलें कीं जिल्हा बदलतो आणि अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द लागते. तहसील कचेरी बदलते, पोलिस ठाणें बदलतें, कज्जेदलालीचें कोर्टहि बदलतें. परंतु रांजणगांवच्या कारखान्यांत काम करणारा फिटर या तीरावर राहिला काय किंवा त्या तीरावर राहिला काय, त्याच्या पगारावरील प्राप्तिकरांत एका पैचाहि फरक पडत नाहीं. ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं तींत कांहीं सांगण्यासारखें आहे असें कोणास वाटत नाहीं.

क्षणभर उलट कल्पना करून पाहावी. समजा, भीमेच्या अलीकडे मिळकतीच्या शंभर रुपयांतून दहा रुपये जादा कर म्हणून द्यावे लागतात, आणि पलीकडे एकहि नाहीं. मग दौंडचा डॉक्टर श्रीगोंद्याच्या हद्दींत दवाखाना थाटील; व्यापारी आपली पेढी पलीकडे नेईल; आणि गांवांतील एखादा उत्तम खेळाडू, कोणत्या तीरावरील संघाकडून खेळावें याचा विचार करतांना, मैदान, शिक्षक आणि सोबती यांच्याआधीं तो पूल डोळ्यांपुढें आणील. ही कल्पना हास्यास्पद वाटते. परंतु उत्तर अमेरिकेंतील व्यावसायिक हॉकीपटू गेलीं कित्येक वर्षें नेमक्या अशाच पुलावर उभे आहेत.

तेथील हॉकी ती आपली हॉकी नव्हे, हें आधींच सांगितलें पाहिजे. आपल्याकडे हा खेळ ब्रिटिश पलटणींबरोबर आला, गवतावर वाढला आणि आतां कृत्रिम हिरवळीवर खेळला जातो. अमेरिका व कॅनडा येथें 'हॉकी' म्हटलें कीं बर्फाचें मैदान, पायांत धारेचे बूट आणि चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती. तेथील 'नॅशनल हॉकी लीग' या संस्थेंत ३२ संघ आहेत. पंचवीस अमेरिकेंत आणि सात कॅनडांत. खेळ वेगळा आहे, पण कराराचा कागद एकाच जातीचा आहे. आणि आपल्याकडेहि आतां हॉकीपटूंचे लिलाव होऊं लागले असल्यामुळें तो कागद वाचावयास शिकणें दौंडच्या घरालाहि अगदींच अनाठायीं नाहीं.

अमेरिकेंत संघराज्याचा प्राप्तिकर सर्वांना सारखा आहे. त्याचा वरचा दर ३७ टक्के. त्याशिवाय प्रत्येक राज्याला स्वतःचा प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार आहे आणि बहुतेक राज्यें तो वापरतात. कॅलिफोर्नियांत राज्याचाच वरचा दर १३.३ टक्के आहे. उलट फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी व नेव्हाडा या राज्यांत पगारावर राज्याचा कर मुळींच नाहीं. कॅनडांत केंद्राच्या करावर प्रांताचा कर चढतो. दोन्ही मिळून ऑंटारियो प्रांतांत वरचा दर साडेत्रेपन्न टक्क्यांच्या घरांत जातो, आणि अल्बर्टांत तो ४८ वर थांबतो. हे दर प्रत्यक्षांत काय करतात तें शंभर डॉलरांवर पाहावें. मोठ्या करारांतील शेवटच्या शंभर डॉलरांपैकीं फ्लोरिडांतील टँपाच्या खेळाडूच्या हातीं, संघराज्याचा कर व मेडिकेअरचा लहानसा वांटा वजा जातां, सुमारें ६१ डॉलर राहतात. ऑंटारियोंतील टोरोंटोच्या खेळाडूच्या हातीं ४६ आणि वर कांहीं सेंट. म्हणजे टँपाच्या शंभराची बरोबरी करावयास टोरोंटोला १३० च्या आसपास द्यावे लागतील.

आतां टोरोंटोचा संघ श्रीमंत आहे, तो १३० देईल, असें कोणी म्हणेल. तेथेंच खरी अडचण आहे. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणांत वांया गेल्यावर २००५ पासून या संस्थेनें प्रत्येक संघाच्या एकंदर पगारखर्चाला कमाल मर्यादा घातली. २०२५-२६ च्या हंगामासाठीं ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. ही मर्यादा मोजतांना करापूर्वींची रक्कम धरतात, खेळाडूच्या हातीं पडणारी नव्हे. त्यामुळें टँपाचा संघ एखाद्या खेळाडूला थोड्या रकमेवर राजी करूं शकतो, आणि वांचलेल्या रकमेंत आणखी एक चांगला खेळाडू घेऊं शकतो. टोरोंटोजवळ पैसा असूनहि त्याला तो खर्च करतां येत नाहीं. ज्या नियमानें सर्व संघ समान व्हावे अशी अपेक्षा होती, त्याच नियमानें कराचा फरक उघड्यावर आणला.

या हिशेबाला दोन मोठे अपवाद आहेत. पहिला असा कीं, टँपाचा खेळाडू अर्धे सामने परगांवीं खेळतो आणि ज्या राज्यांत तो खेळतो तें राज्य त्या दिवसांपुरता आपला कर मागतें. १९९१ सालीं शिकागोच्या बास्केटबॉल संघानें कॅलिफोर्नियांत जाऊन अजिंक्यपद पटकाविलें, त्यानंतर कॅलिफोर्नियानें त्या खेळाडूंकडून तेथील दिवसांचा कर मागितला. त्यावर शिकागोच्या इलिनॉय राज्यानें उलट कायदा करून परराज्यांतील खेळाडूंकडून वसुली सुरू केली. तेव्हांपासून खेळाडूच्या वर्षाचे दिवस मोजण्याचें काम चालूं आहे: कोणत्या राज्यांत किती दिवस सराव, किती दिवस सामना. एकेका खेळाडूला डझनावारी राज्यांचीं विवरणपत्रें भरावीं लागतात. बिनकराच्या राज्यांत राहिल्यानें कर शून्य होत नाहीं, फक्त कमी होतो.

दुसरा अपवाद बयाण्याचा. करारावर सही करण्यासाठीं म्हणून जी रक्कम वेगळी देतात तिला आपल्याकडील जुना शब्द बयाणा हाच शोभतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधील करविषयक तहांत असें कलम आहे कीं, एका देशाच्या रहिवाशाला दुसऱ्या देशांतील संघानें सहीच्या मोबदल्यांत दिलेल्या अशा रकमेवर त्या दुसऱ्या देशानें १५ टक्क्यांहून अधिक कर घेऊं नये. वकिलांच्या ध्यानांत ही गोष्ट आली आणि करारांतील पगार आकसूं लागला, बयाणा फुगूं लागला. २०१८ सालीं जॉन टव्हारेस हा नामांकित खेळाडू न्यूयॉर्कचा संघ सोडून टोरोंटोकडे गेला, तेव्हां त्याला पहिल्या वर्षीं १ कोटी ५२ लाख ५० हजार डॉलर बयाणा मिळाला. कॅनडाच्या करखात्याचें म्हणणें असें पडलें कीं हा बयाणा नसून बयाण्याचा सदरा घातलेला पगार आहे, म्हणून त्यावर पुरा दर लागूं झाला पाहिजे. प्रकरण तेथील कर न्यायालयांत गेलें. एका शब्दावर लक्षावधि डॉलर अवलंबून असल्यावर तो शब्द लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाहि वकील लागतो.

करामुळेंच संघ जिंकतात कीं काय? २०२० व २०२१ चें अजिंक्यपद टँपाला मिळालें, २०२३ चें नेव्हाडांतील लास व्हेगासला, २०२४ व २०२५ चें पुन्हां फ्लोरिडांतील दुसऱ्या संघाला. आणि कॅनडाच्या एकाहि संघाला १९९३ पासून २०२५ पर्यंत तें मिळालें नाहीं. या यादीवरून पुष्कळांनीं निष्कर्ष काढून टाकला आहे. परंतु हाच फ्लोरिडाचा संघ याच शून्य कराखालीं वर्षानुवर्षें बाद फेरीपर्यंतहि पोहोंचत नव्हता, हें ते सांगत नाहींत. कर हा चांगल्या व्यवस्थापकाच्या हातांतील एक जास्तीचा पत्ता आहे. वाईट व्यवस्थापक तोहि हरवितो.

आतां भीमेकडे परत यावें. भारताच्या राज्यघटनेनें शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर केंद्राच्या यादींत घातला. राज्यांच्या वांट्याला शेतीच्या उत्पन्नावरील कर आणि व्यवसायकर आले. आणि त्या व्यवसायकरावरहि २७६ व्या अनुच्छेदानें वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. महाराष्ट्र हा कर घेतो, कांहीं राज्यें घेत नाहींत. तेव्हां भारतांतील हॉकीपटूनें चेन्नईकडून खेळावें, कलकत्त्याकडून खेळावें कीं लखनौकडून, या प्रश्नांत राज्याच्या पगारकराचा भार फार तर अडीच हजार रुपयांचा. उत्तर अमेरिकेंतला पूल आपल्याकडे नाहीं.

म्हणून आपल्याकडील करारांत कराचा फरक पडत नाहीं, असें मात्र नव्हे. तो गांवावरून पडत नाहीं, माणसावरून पडतो.

हॉकी इंडिया लीग ही स्पर्धा २०१३ सालीं सुरू झाली, २०१७ नंतर थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर पुन्हां उभी राहिली. त्यासाठीं ऑक्टोबर २०२४ मध्यें दिल्लींत लिलाव झाला. पुरुषांच्या प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठीं ४ कोटी रुपयांची थैली ठरवून दिलेली होती. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याच्यावर ७८ लाखांची सर्वांत मोठी बोली लागली. परदेशी खेळाडूंत गोन्झालो पेयात याला हैद्राबादच्या संघानें ६८ लाखांस घेतलें. वर्तमानपत्रांत हेच आंकडे झळकले. ते घरीं पोहोंचणारे आंकडे नव्हेत, आणि दोघांच्या बाबतींत त्यांतून वजा होणारा भाग एकाच मापानें मोजला जात नाहीं.

जो खेळाडू भारताचा नागरिक नाहीं आणि रहिवासीहि नाहीं, त्याला येथें खेळून मिळणाऱ्या रकमेवर सरसकट २० टक्के कर लागतो. १९६१ च्या कायद्यांत त्यासाठीं स्वतंत्र कलम होतें, आणि २०१२ पर्यंत तो दर १० टक्के होता. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्यानें घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेंच राहिलें. या २० टक्क्यांत खर्चाची वजावट नाहीं आणि लहान रकमेला सूटहि नाहीं. उलट भारतीय रहिवाशाला पायऱ्यापायऱ्यांनीं चढणारा दर लागतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या पद्धतींत पहिल्या ४ लाखांवर कांहीं नाहीं, मग दर चार लाखांस पांच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस टक्के, आणि २४ लाखांपुढें ३० टक्के. शिवाय एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आंत असेल तर सूट मिळून कर शून्य.

यांतून एक चमत्कारिक गोष्ट निघते. दहा लाखांच्या करारावर, दुसरें उत्पन्न नसलेल्या भारतीय मुलाला कांहींच द्यावें लागत नाहीं. त्याच्याच शेजारीं उभा राहून तितक्याच दहा लाखांवर खेळणाऱ्या बेल्जियमच्या मुलाचे, उपकर धरून, २ लाख ८ हजार रुपये जातात. रक्कम वाढत गेली कीं अंतर कमी होत जातें. ४२ लाखांवर दोघांचा कर बरोबर ८ लाख ४० हजार होतो, उपकर वेगळा. त्यापुढें कांटा उलट फिरतो. ६८ लाखांवर परदेशी खेळाडूचा कर, अधिभार व उपकर मिळून, साडेपंधरा लाखांच्या किंचित् वर जातो. त्याच रकमेवर भारतीय खेळाडूचा साडेअठरा लाखांच्या वर. अर्थात् भारतीय खेळाडू हा धंद्याचा खर्च, म्हणजे शिक्षकाची फी, साहित्य, प्रवास, वजा मागूं शकतो, आणि परदेशी खेळाडूला स्वदेशीं गेल्यावर तेथील करखात्यालाहि तोंड द्यावें लागतें. तरीहि नवोदित परदेशी खेळाडूला भारतांतील करार महाग पडतो आणि नामांकिताला तो स्वस्त पडतो, हें या हिशेबाचें सार आहे.

म्हणूनच परदेशी खेळाडूचा दलाल 'निव्वळ' या शब्दासाठीं हट्ट धरतो. निव्वळ दहा लाख कबूल करणें म्हणजे कर संघानें भरणें. आणि संघानें भरलेला करहि खेळाडूचें उत्पन्नच समजला जातो, म्हणून त्यावरहि कर. या उतरंडीचा शेवट १२ लाख ६२ हजार ६२६ रुपयांवर होतो. तेवढे संघाच्या तिजोरींतून जातात तेव्हां खेळाडूच्या हातीं दहा लाख पडतात. लिलावाच्या थैलींत यांपैकीं कोणता आंकडा धरावयाचा, हें आधींच लिहून ठेवलें नाहीं तर भांडण ठरलेलें.

हेंच उलट दिशेनें भारतीय खेळाडूलाहि भोगावें लागतें. पुण्याजवळच्या खडकींत जन्मलेला धनराज पिल्ले हा इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व मलेशिया येथील क्लबांकडून खेळला. अशा प्रवासी खेळाडूंच्या बाबतींत बहुतेक देशांच्या करतहांत एकच सूत्र आढळतें: खेळाडूची कमाई जेथें त्यानें खेळ केला तेथें करपात्र. खेळाडू त्या वर्षीं भारताचा रहिवासी ठरला तर येथेंहि ती मिळकत दाखवावी लागते, आणि बाहेर भरलेल्या कराची वजावट मागावी लागते. ती मागण्यासाठीं परदेशांतील कर भरल्याचा दाखला लागतो. हंगाम संपवून परततांना चषक आणि छायाचित्रें आठवणीनें बरोबर घेतलीं जातात; हा कागद मात्र क्लबच्या कचेरींत राहून जातो, आणि मग सातां समुद्रांपलीकडून तो मिळवितांना वर्ष निघून जातें.

आतां या सर्व गोष्टी एका घरांत आणून पाहाव्या. दौंड हें रेल्वेचें मोठें जंक्शन; राज्य राखीव पोलिस दलाचे दोन गटहि तेथें आहेत. रेल्वे आणि पोलिस हे दोन्ही मालक खेळाडूंना नोकऱ्या देत आलेले आहेत, आणि हॉकींत रेल्वेचें नांव तर जुनें आहे. असा एखादा मुलगा रेल्वेंत वर्षाला ९ लाखांच्या पगारावर आहे असें धरावें. खात्याची लेखी परवानगी त्याला मिळालेली आहे, आणि एका संघानें त्याला हंगामापुरते १० लाख देऊं केले आहेत. घरांत लगेच मांडणी सुरू होते: शेतांत बोअर घ्यावयाचा, बहिणीची फी भरावयाची, घराच्या कर्जाचा एक मोठा हप्ता फेडून टाकावयाचा. बाप म्हणतो, ९ लाखांवर तुला कर नाहीं, १० लाखांवरहि कर नाहीं असें सांगतात. मग सगळे दहा आपलेच.

चूक येथेंच होते. कायदा दोन्ही मिळकती एकत्र करतो. पगारांतील ७५ हजारांची ठराविक वजावट धरून त्याचें करपात्र उत्पन्न १८ लाख २५ हजार होतें. १२ लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळें सूट जाते. आणि कर १ लाख ६५ हजार, अधिक उपकर ६ हजार ६००, मिळून १ लाख ७१ हजार ६०० रुपये येतो. शून्यांत शून्य मिळविल्यावर ही रक्कम निघते हें बापाला पटवून देणें सोपें नाहीं. शिवाय मुलाच्या स्वतःच्या नांवावर कांहीं एकर ऊस असेल तर आणखी एक बारकावा आहे. उसाच्या पैशावर प्राप्तिकर नाहीं हें खरें. पण बाकीच्या मिळकतीवर कोणत्या पायरीचा दर लावावयाचा हें ठरवितांना तें उत्पन्न हिशेबांत धरलें जातें. ऊस स्वतः कर देत नाहीं, शेजाऱ्याला मात्र एक पायरी वर चढवितो.

संघ पैसे देतांना १० टक्के, म्हणजे १ लाख, आधींच कापून सरकारांत भरतो. पुष्कळांची समजूत अशी कीं कापला गेला तोच कर, आणि मामला मिटला. वास्तविक तो विसार आहे. उरलेले ७१ हजार ६०० मुलानें स्वतः भरावयाचे असतात, आणि हंगाम जानेवारी-फेब्रुवारींत आटोपत असल्यामुळें आगाऊ कराची १५ मार्च ही तारीख लगेच येऊन ठेपते. ती चुकली तर व्याज.

करार आणखी मोठा असेल, तर वस्तु व सेवा कराचा प्रश्न उभा राहतो. खेळाडू हा संघाचा नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करारबद्ध असेल आणि वर्षाची अशी जमा २० लाखांपलीकडे गेली, तर त्याला नोंदणी करून १८ टक्के कर गोळा करावा लागतो. करारांत '३० लाख, कराव्यतिरिक्त' असें लिहिलेलें असेल तर तो कर संघ वर देतो. '३० लाख, करासहित' असें असेल तर त्याच तीस लाखांतून ४ लाख ५८ हजार रुपये निघून जातात आणि खेळाडूची खरी रक्कम २५ लाख ४२ हजार उरते, ज्यावर प्राप्तिकर अजून बसावयाचाच आहे. एवढा फरक एका शब्दानें होतो. आणि हा शब्द बहुधा नवव्या किंवा दहाव्या पानावर, बारीक टाइपांत असतो. आंकडा मात्र पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत.

दौंडच्या त्या घरांत करार सहीसाठीं आला आहे. संघाचा माणूस घाईंत आहे. त्याला संध्याकाळच्या गाडीनें परत जावयाचें आहे. मुलानें त्याला बसवून चहा द्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्या: ही रक्कम ढोबळ कीं निव्वळ, कापलेल्या कराचा दाखला केव्हां मिळणार, आणि दुखापत होऊन हंगाम अर्धवट राहिला तर कर कापलेल्या आगाऊ रकमेचें काय. उत्तरें करारावरच लिहून घ्यावीं. मग बोअरवाल्याला सांगतांना दहा लाखांतून १ लाख ७१ हजार ६०० बाजूला काढून सांगावें.